दुखण्याचा भाव

बेल्ह्याच्या बैलबाजारात मी चाळीस वर्षं दलाली करतोय. या चाळीस वर्षांत माझ्या तोंडातून एकही आकडा पहिल्या झटक्याला खरा बाहेर पडलेला नाही. शाळेत नाव घालताना वडिलांनी माझं वय दोन वर्षं वाढवून सांगितलं होतं, म्हणजे हे मुळातूनच आलंय. कुणी विचारलं, भाऊ, सकाळी भाकरी किती खाल्ल्या, तर दोन खाल्लेल्या असताना मी चार सांगतो. समोरचा म्हणतो, चार काय खाता राव, तीन खाल्ल्या असतील. मग मला बरं वाटतं. व्यवहार चालू झाला म्हणायचं.

असल्या माणसाला पुण्याच्या लोकांनी मोबाईलवर विचारलं की शून्य ते दहामध्ये तुमचा गुडघा किती दुखतो. त्यातून पुढं जे रामायण झालं त्यात माझी चूक अगदी थोडी आहे. चूक पदरात घ्यायची असली की मी खालून सुरुवात करतो. तुम्ही वर चढवा.

आधी गुडघ्याचं सांगतो. उजवा. मी बसलेला उठलो की त्यातून असा आवाज निघायचा की एकदा बाजारात शेजारी बांधलेलं खोंड दावं तोडून पळालं. शोधत शोधत गेलो तर आळेफाट्याला एसटीच्या रांगेत उभं. लोक म्हणतात मी वाढवून सांगतो. वाढवायचंच असतं तर रांगेत पहिलं होतं म्हणालो असतो. तिसरं होतं.

पण गुडघ्याचं काय, तो माझा होता, मी त्याला शिव्या देऊन चालवत होतो. खरं दुखणं आमच्या घरच्या मंडळींचं. तिचा उजवा खांदा आखडला. टोमॅटोच्या खुडणीला गेली होती, आली ती हात पोटाशी धरूनच. त्यानंतर हात छातीच्या वर जाईना. भाकरी थापता यायची, पण फळीवरचा पिठाचा डबा काढता यायचा नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे केस. बाईमाणसाला स्वतःचा अंबाडा घालता येईना. लेकी नांदायला गेलेल्या. राहिलो मी.

मला वेणी येते, नाही असं नाही. पण एकच येते, बैलाच्या कासऱ्याची. तीन पेड घ्यायचे, पाय टेकवून ओढायचे, शेवटाला गाठ मारायची ती सात पावसाळे सुटायची नाही. मी वेणी घातली की तिच्या भुवया कपाळाच्या निम्म्यावर जायच्या आणि दिवसभर ती कशाचं तरी नवल वाटल्यासारखी दिसायची. शेजारणी दारातूनच विचारायच्या, काय गं, काय ऐकलंस. हिनं काहीच ऐकलेलं नसायचं. नुसती माझी वेणी असायची.

तिनं कधी तक्रार केली नाही. एकदाच म्हणाली, “माझा अंबाडा मला घालता आला ना, की बास. बाकी हात नाय चालला तरी चालंल.” हे वाक्य लक्षात ठेवा. ह्या सगळ्या गोष्टीचा खुंटा तोच.

त्याच सुमाराला पुण्याच्या एका संस्थेनं वाडीतल्या समाजमंदिरात दर गुरुवारी दवाखाना चालू केला. बाहेर फलक लागला, एकात्मिक उपचार केंद्र. गावानं पहिल्या गुरुवारीच त्याचा मिक्स दवाखाना करून टाकला. तिथं गोळी मिळायची, काढा मिळायचा, तेल लावून शेक मिळायचा, सतरंजीवर आसनं व्हायची आणि एवढ्यानंही माणूस वठणीवर आला नाही तर सुया टोचायचे. सगळं एकाच केसपेपरवर. डॉक्टर मॅडम आंबेगाव तालुक्यातल्या, घोडेगावकडच्या. बोलायला मऊ, पण हात असा की माझ्या गुडघ्यावर नुसता ठेवला तरी गुडघा गप्प बसायचा. चार आठवड्यांत मी उठलो तर बाजारातली जनावरं मान वर करीनाशी झाली.

मंडळींना मॅडमनी एक गंमतच शिकवली. भिंतीसमोर उभं राहायचं आणि उजव्या हाताची बोटं भिंतीवर मुंगीसारखी वर वर चालवायची. जिथं थांबतील तिथं खूण करायची. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा उमटायला लागल्या. पहिली छातीपाशी, मग खांद्याशी. वर कॅलेंडरचा खिळा होता. मॅडम म्हणाल्या होत्या, मावशी, ज्या दिवशी तुमचं बोट त्या खिळ्याला लागंल, त्या दिवशी तुमचा अंबाडा तुमी घालाल. आमच्या घरात त्या खिळ्याकडं देवाच्या फोटोपेक्षा जास्त वेळा बघितलं जायचं.

इथपर्यंत सगळं सुरळीत. मग मोबाईल आला.

मॅडमनी एका गुरुवारी सगळ्यांना बसवून सांगितलं की आता दर आठवड्याला तुमच्या फोनवर एक निरोप येईल. त्यातली निळी ओळ दाबायची. प्रश्न येतील, दुखतं किती, झोप कशी, काम किती जमतं. आपण स्वतःच्या हातानं आकडा टाकायचा. तो आकडा थेट पुण्याला जाणार, तिथं संगणक त्याची रेघ काढणार, आणि सहा महिन्यांनी साहेब त्या रेघा बघून ठरवणार की हा दवाखाना इथं ठेवायचा का दुसरीकडं हलवायचा.

बाकीच्यांना ह्यात काय ऐकू आलं मला माहीत नाही. मला एवढंच ऐकू आलं की पुण्यात एक गिऱ्हाईक बसलंय, ते आकडा विचारतंय, आणि सौदा दवाखान्याचा आहे. मी घरी येऊन विचार केला. जिथं दुखणं जास्त, तिथंच दवाखाना ठेवणार ना. आमचं दुखणं स्वस्तात गेलं तर हे लोक उठून दुसऱ्या गावाला जातील, आणि मंडळींचा हात खांद्यापाशीच राहील. तेव्हा ठरवलं, दुखणं पडत्या भावात द्यायचं नाही.

माझा गुडघा तेव्हा खरं सांगायचं तर चार दुखत होता. मी सहा टाकले. म्हटलं, पुण्यावाले म्हणतील सहा होत नाहीत, तीन घ्या, मग आपण चारावर सोडू. पण फोननं काय करावं. तो म्हणाला, धन्यवाद.

मी चाळीस वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. तुम्ही बैलाचा भाव सांगितला आणि समोरच्यानं लगेच धन्यवाद म्हटलं तर ह्याचा अर्थ एकच, तुम्ही फार कमी सांगितला. मला त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. पुढच्या आठवड्यात सात टाकले. धन्यवाद. मग आठ. धन्यवाद. मी भाव चढवतोय आणि समोरचा घेतोय, मी चढवतोय आणि तो घेतोय. पुण्यात बसलेला माणूस एकतर अतिशय श्रीमंत असणार नाहीतर अतिशय भोळा.

मंडळींचा आकडाही मीच सांगायचो, फोन एकच होता. सुरुवातीला ती म्हणाली, माझा दहा दुखतोय. मी म्हटलं, अगं, दहा संपला की वर काय राहिलं, आठ टाक, चढायला जागा ठेव. तिनं माझ्याकडं पाहिलं, पण व्यवहारातलं मला कळतं म्हणून आठ टाकले. मग नऊ. मग दहा. दर आठवड्याला तिचा हात भिंतीवर वर चालला होता आणि फोनवरचा आकडाही वर चालला होता. मला दोन्ही चांगलंच वाटत होतं.

गावात ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. आकड्यातलं मला कळतं हे तालुक्याला माहीत. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर आले, त्यांची पाठ. शिलाईवाले चाचा आले, कात्रीनं त्यांचं मनगट गेलेलं. सगळ्यांना मी समाजमंदिराच्या पायरीवर बसून एकच मंत्र दिला, पहिला आकडा खरा सांगायचा नाही, आणि धन्यवाद आलं की एक चढवायचा. चाचा मोठे सभ्य. म्हणाले, पण भाऊ, माझं मनगट तर निम्म्यानं बरं झालंय. मी म्हटलं, ते आपल्या दोघांत.

ड्रायव्हर मात्र सरळ माणूस. त्यांनी आयुष्यात घंटीशिवाय गाडी हलवली नाही. आकडा ते माझ्या सांगण्यावरून टाकायचे, पण बाकीचे प्रश्न त्यांना खरेच वाटायचे. फोनवर प्रश्न होता, जिना चढताना किती त्रास होतो. त्यांच्या घराला जिना नाही. आमच्या आख्ख्या आळीला नाही. मग ते दर आठवड्याला जीपमध्ये बसून नारायणगावला जायचे. तिथं एक तीन मजली इमारत आहे, तिच्या गच्चीपर्यंत चढायचे, वर उभं राहून उत्तर टाकायचे आणि उतरून परत जीप धरायचे. त्या जीपमध्ये मागं चौदा माणसं, दोन कोंबड्या आणि टोमॅटोचे क्रेट असायचे. घरी येईपर्यंत त्यांची पाठ अशी धरायची की दोन दिवस अंथरुणात. आख्ख्या गावात खरं दुखणं लिहून पाठवणारा तो एकच माणूस, आणि त्याला दुखायचं ते त्या प्रश्नामुळं.

मी दहावर पोचलो तेव्हा पुण्याकडून पहिल्यांदा बोलणं आलं. दहा दाबला की पाच मिनिटांत फोन वाजायचा आणि एक बाई अतिशय काळजीनं म्हणायची, आपण तीव्र वेदनांची नोंद केली आहे, त्रास कायम असल्यास एक दाबा. पहिल्यांदा मी तिच्याशी बराच वेळ बोललो, गुडघ्याचा सगळा इतिहास सांगितला, खोंडाची गोष्ट सांगितली. ती परत म्हणाली, एक दाबा. मशीनची बाई होती.

पण मशीनची असली तरी बाई कामाची. एकदा बाजारात पारनेरकडचं एक गिऱ्हाईक जोडीवर अडून बसलं होतं. मी मघाशीच दहा दाबला होता, नेमका तेव्हा फोन वाजला. मी तो कानाला लावला आणि मोठ्यानं म्हणालो, होय शेठ, जोडी अजून हाय, तुमचा आकडा कळला, जरा थांबा. कानात बाई सांगतेय की कोमट पाण्यानं शेक घ्या. इकडं गिऱ्हाईक घाबरलं आणि वर चढलं. त्यानंतर मी ती निळी ओळ बाजाराच्या दिवसापर्यंत जपून ठेवायला लागलो. सौदा अडला की खिशात हात घालून गुपचूप दहा दाबायचा. पाच मिनिटांत शेठ हजर. ह्या एका हंगामात माझ्या गुडघ्यानं जेवढे बैल विकले तेवढे मी दोन पायांनी विकले नसतील.

ह्या धुंदीत एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली. भिंतीवरची कोळशाची रेघ कानाशी येऊन थांबली होती. एक आठवडा, दोन आठवडे, सहा आठवडे. खिळा वीतभर वर. मी विचारलं तर मंडळी म्हणाली, मॅडमनी भिंतीचं बंद केलंय, नुसता शेक देतात. दुखतं का म्हटलं तर म्हणाली, नाय, तसं काय नाय आता. मी म्हटलं, मॅडमना कळत असंल काहीतरी.

सहा महिने भरले आणि पुण्याहून साहेब आले.

आदल्या दिवशी मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की दवाखाना टिकवायचा असेल तर उद्या कण्हायचं. थोडी तालीमही घेतली. चाचांचं कण्हणं फार सुरेल व्हायला लागलं, त्यांना म्हटलं तुम्ही नुसतं मनगट धरून बसा. पण आमच्या लोकांचा एक दोष आहे, पावणा दारात आला की त्यांना दुखण्याची आठवण राहत नाही. साहेबांना लॅपटॉप ठेवायला टेबल नाही हे बघून ड्रायव्हरांनी आतलं लोखंडी टेबल एकट्यानं उचलून आणलं. नोंदीप्रमाणं त्यांना अंथरुणातून उठता येत नव्हतं. चाचांनी पडदा लावायला भिंतीत चार खिळे ठोकले, उजव्या हातानं. आणि मंडळी चहा घेऊन आली ती येताना डोक्यावरचा पदर उजव्या हातानं सावरतच.

साहेब वयानं लहान, वागायला सज्जन. एकच खोड, त्यांची मान वळायची नाही. बाजूला बघायचं तर कमरेपासून आख्खे वळायचे, औताला जुंपलेल्या बैलासारखे. तसे ते ड्रायव्हरांकडं वळले, चाचांकडं वळले, मंडळींकडं वळले आणि मग पडद्याकडं वळून त्यांनी रेघा दाखवल्या. प्रत्येकाची एक रेघ. सगळ्या नाणेघाटासारख्या सरळ वर गेलेल्या.

म्हणाले, आमची एवढी केंद्रं आहेत, पण दुखणं इतकं चढलेलं दुसरं एकही नाही. माझी छाती फुगली. म्हटलं, सौदा झाला. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. ते म्हणाले, उपचार चालू झाल्यापासून इथल्या प्रत्येक माणसाचा त्रास वाढत गेलाय, म्हणजे ह्या उपचारांनी लोकांना अपाय होतोय. पुढच्या महिन्यापासून हे केंद्र बंद करायला लागेल.

मॅडम हातातला केसपेपर नुसता सरळ करत राहिल्या, तो आधीच सरळ होता. त्या घडीला माझा गुडघासुद्धा वाजला असता तर बरं वाटलं असतं. मंडळींनी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, “तुमी सांगताय का मी सांगू?”

मी उभा राहिलो. चाळीस वर्षांत भर सभेत खरं बोलायची वेळ आली नव्हती, त्यामुळं जीभ कुठं ठेवायची कळेना. म्हटलं, साहेब, ह्यात मॅडमचा दोष न्हाई. हे आकडे मी सांगितलेत, सगळ्यांचे.

“म्हणजे हे सगळे आकडे खोटे आहेत?” साहेब म्हणाले.

“खोटे न्हाईत साहेब. पयले हायेत.”

मग मी त्यांना समजावलं. पहिला आकडा हा आकडा नसतो, ते नुसतं दार उघडणं असतं. तुम्ही तिथून खाली ओढायचं, आम्ही थोडं सोडायचं, असं करत खऱ्यापाशी यायचं. तुमचा फोन ओढतच नाही. तो धन्यवाद म्हणतो. धन्यवाद म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापाशी माणूस खाली येईल कसा. मागून ड्रायव्हर म्हणाले, आन् आमच्यात जिना न्हाई. साहेबांना ते काही कळलं नाही, पण त्यांनी लिहून घेतलं.

त्यांनी लॅपटॉप बाजूला सारला. मग मला विचारलं, “तुमच्या बाजारात शेवटचा, खरा आकडा कुठं कळतो?”

मी खांद्यावरचा टॉवेल काढला.

आमच्याकडं बैलाचा खरा भाव तोंडानं होत नाही. तोंडानं जे चालतं तो आरडाओरडा, तो बघ्यांसाठी. भाव ठरतो तो टॉवेलखाली. दोघांनी हातात हात घालायचा, वरून टॉवेल टाकायचा, आणि बोटं धरून सांगायचं. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पंजा दाबला की पाच, पंजा दाबून वर एक बोट धरलं की सहा. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाची दृष्ट लागत नाही. वर तोंडानं काहीही बडबडा, टॉवेलखाली जे धरलं ते धरलं. तिथं खोटी बोटं धरणारा माणूस परत बाजारात उभा राहत नाही.

साहेबांना म्हटलं, आधी तुमच्यावरच करून दाखवतो. त्यांचा हात घेतला, टॉवेल टाकला आणि विचारलं, मान किती दुखते.

“काही विशेष नाही,” साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बसून बसून जरा आखडते.”

टॉवेलखाली त्यांनी माझा पंजा दाबला आणि मग तीन बोटं घट्ट धरली. आठ. मी त्यांच्याकडं पाहिलं, ते भिंतीकडं बघत होते. मी हे कुणाला सांगितलं नाही. इथं लिहिलं ते वेगळं.

त्यानंतर साहेबांनी आपणहून टॉवेल मागून घेतला. म्हणाले, दोन आकडे द्यायचे, पहिल्या दिवशी किती दुखत होतं आणि आज किती. मधला माणूस नको, मीच हात धरतो. पुरुष त्यांच्यापुढं रांगेत बसले, बायका मॅडमपुढं. ड्रायव्हर बसले, साहेबांच्या तोंडाकडं बघत मोठ्यानं कण्हले, मी दिलेली तालीम ते विसरले नव्हते, आणि खाली बोटं धरून उठले. साहेबांनी टाईप केलं, नऊ आणि तीन. चाचांचं सात आणि दोन. पडद्यावरच्या रेघा एक एक करून घाट उतरायला लागल्या.

मंडळींची पाळी आली तर ती जागेवरून हलेना. साहेबांपुढं जायचं तिनं आधीच नाकारलं, परक्या माणसाच्या हातात हात द्यायचा नाही म्हणाली. मॅडमपुढंही जाईना. मी विचारलं का, तर म्हणाली, त्यांना वाईट वाटंल. मग साहेब मला म्हणाले, तुम्हीच धरा.

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी बेल्ह्याच्या बाजारात हजारो हात टॉवेलखाली धरले असतील, तिचा कधी धरला नव्हता. धरायचं काही कारणच पडलं नाही, घरात सगळे सौदे तीच ठरवते. हात खरखरीत, टोमॅटोच्या पाल्याचा वास असलेला. मी हळूच म्हणालो, पहिल्या दिवशी. तिनं पंजा दाबला, सोडला आणि परत दाबला. दहा. ते मला माहीत होतं. म्हणालो, आज. मला वाटलं एक बोट धरील, फार तर दोन. घरी रोज म्हणत होती ना, काही दुखत नाही. तिनं पंजा दाबला आणि वर एक बोट धरलं.

सहा.

मी तिच्याकडं बघितलं. ती टॉवेलकडं बघत होती. फोनला दहा, मला काहीच नाही, आणि खरं मधेच कुठंतरी, भिंतीवरच्या त्या थांबलेल्या रेघेपाशी. दोन्ही आकडे तिनं माझ्यासाठीच टाकले होते.

मी साहेबांच्या हातात तेच धरलं. त्यांनी टाईप केलं, दहा आणि सहा. मॅडमनी पडद्यावर वाचलं आणि त्यांना वाईट वगैरे काही वाटलं नाही, उलट त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, “मावशी, सहाच? अवो पुण्याच्या रेघेत मला कधीपासनं नुसतं दहा दहा दिसतंय. मला वाटलं भिंतीच्या व्यायामानं खांदा फाटतोय तुमचा, म्हणून मी तो बंद केला.”

म्हणजे रेघ कानाशी थांबवणारा मी. मॅडमनी हात खाली घेतला तो माझ्या दहामुळं. ह्यावर मी काय बोललो ते मला आठवत नाही. मंडळींना आठवतं. ती म्हणते, मी पहिल्यांदाच काही बोललो नाही.

साहेबांनी केंद्र बंद करायचा कागद परत पिशवीत ठेवला. म्हणाले, अजून सहा महिने बघू, पण आकडा ज्याचा त्यानं टाकायचा, आणि जिन्याचा प्रश्न ह्या गावापुरता काढून टाकतो. ड्रायव्हरांनी हात जोडले. मग साहेब मॅडमना बाजूला घेऊन मानेबद्दल हळूच काहीतरी बोलले, आणि पुढच्या गुरुवारी पुण्याहून परत आले ते सतरंजीवर सर्वांत पुढं.

निघताना मॅडमनी मला थांबवलं. म्हणाल्या, काका, तुमचा गुडघा राहिला. टॉवेल पुढं केला. मी त्यांची तीन बोटं धरली. त्यांनी तीन लिहून घेतले. खरं म्हणजे दोन होता. पण एवढ्या लोकांचा व्यवहार जमवून दिला, त्यात एक बोट दलालीचं राहू द्या. शिवाय दोनवर माझा केसपेपर बंद झाला असता, आणि मंडळींना गुरुवारी गाडीवरून आणायला बहाणा कुठून आणला असता.

भिंतीचं परत चालू झालं. आता निळी ओळ आली की ती फोन घेऊन परसात जाते आणि मला बघू देत नाही. मी विचारतही नाही. भिंतीवरच्या रेघा मात्र दिसतातच. कानाच्या वर एक, मग आणखी एक, मग दिवाळीच्या आधी रेघच सापडेना. मी म्हटलं, आज केलं नाही का. तिनं कॅलेंडर काढून हातात दिलं. खिळ्याच्या डोक्यावर कोळशाचा ठिपका होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आतून बाहेर आली, केस बांधून. स्वतः बांधलेले. भुवया जागेवर होत्या, त्यामुळं मला क्षणभर ओळखूच आली नाही. अंबाडा डाव्या अंगाला झुकला होता, केसांचे दोन आकडे बाहेर, एक बट मानेवर. माझ्यासमोर पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, “सांगा, दहापैकी किती?”

मी म्हणालो, दहा. आणि मग खांद्यावरचा टॉवेल शोधायला लागलो.